क्रियापदाला हात किती?

‘मी शाळेत जायला शकतो.’

हसलात ना सगळे? धाकटासुद्धा हसला, आणि तो तर अजून पहिलीतही गेलेला नाही. बरं, हे ऐका. ‘आजीने मला दुकानात जाऊ सांगितलं.’ पुन्हा हसलात! ‘दादाने दवाखान्यात जाऊ टाळलं.’ हेही चुकलं. पण का चुकलं, ते सांगा बघू. नाही ना सांगता येत? तुमच्या आईबाबांना विचारलंत तरी ते थोडा वेळ विचारात पडतील.

‘शकणे’ला ‘जाऊ’ लागतं. ‘सांगणे’ला ‘जायला’ लागतं. ‘टाळणे’ला ‘जाणं’ लागतं. धातू एकच, जा. पण पुढे कोणतं क्रियापद येणार, त्यावर त्याचं रूप ठरतं. हे तुम्हाला कोणी पाढ्यांसारखं पाठ करून घेतलेलं नाही. आईने कधी मांडीवर घेऊन सांगितलं नाही की बाळा, शकणेच्या आधी ऊकारान्त रूप ठेव. तरी दोन-तीन वर्षांचे असल्यापासून तुम्ही ‘मला जाऊ दे’ असंच म्हणत आलात. ‘मला जायला दे’ म्हणालात तरी चालतं, हेही तुम्हाला माहीत आहे; आणि ‘मी जायला शकतो’ मात्र चालत नाही, हेही. मोर पिसारा फुलवतो, सुगरण घरटं विणते, ते बघायला आपण रानात जातो. माणसाच्या पोराच्या डोक्यात घडणारी ही गोष्ट तितकीच नवलाची आहे. आज तीच सांगतो.

ताई, मघाशी तू इंग्रजीच्या वहीवर वैतागली होतीस. एके ठिकाणी ‘कॅन गो’, दुसरीकडे ‘टोल्ड मी टू गो’, तिसरीकडे ‘अव्हॉइडेड गोइंग’. ‘आजोबा, या भाषेला नियमच नाहीत,’ असं म्हणालीस. आता तुझी ती तीन वाक्यं आपल्या तीन वाक्यांशेजारी ठेव. कॅन गो, जाऊ शकतो. टोल्ड मी टू गो, मला जायला सांगितलं. अव्हॉइडेड गोइंग, जाणं टाळलं. दिसलं? तिथेही तीन रूपं, इथेही तीन. तिथेही रूप ठरवतं ते शेजारचं क्रियापद, इथेही तेच. प्रत्येक वेळी जोडी अशी तंतोतंत जुळत नाही. ‘वॉन्ट टू गो’ला आपण ‘जायचं आहे’ म्हणतो किंवा ‘जावंसं वाटतं’ म्हणतो, तिथे घडणच निराळी. पण मुळातली गोष्ट दोन्हीकडे एकच आहे: क्रियापद आपले सोबती स्वतः निवडतं.

हे नीट कळायला थोडं रसायनशास्त्रात डोकवावं लागेल. 1852 साली इंग्लंडमधल्या एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने एक गोष्ट मांडली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतरांशी जोडलं जाण्याची ताकद ठरलेली असते. पुढे तिला संयुजा हे नाव मिळालं. सोप्या भाषेत, हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. म्हणून ऑक्सिजनचे दोन हात दोन हायड्रोजन धरतात आणि पाणी होतं.

त्यानंतर शंभरएक वर्षांनी हीच कल्पना भाषेत आणली ती ल्यूसियाँ तेनिएर या फ्रेंच भाषापंडिताने. हा पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. छावणीत नाना देशांचे कैदी, आणि हा बसला त्यांच्या भाषा शिकत. पुढे प्राध्यापक झाला, आयुष्यभर वाक्यांची झाडं काढत राहिला. 1954 साली तो वारला आणि त्याचं मोठं पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी, 1959 मध्ये छापून निघालं. त्यात त्याने म्हटलंय की क्रियापद हे अणूसारखं आहे, त्याला ठरावीक हात असतात, आणि ते हात भरले की वाक्य पुरं होतं.

मोजून बघू या. ‘स्लीप’, झोपणे. एक हात: झोपणारा. ‘डिव्हावर’, फडशा पाडणे. दोन हात: खाणारा आणि खाल्लेलं. ‘ईट’चा दुसरा हात रिकामा राहिला तरी चालतो, ‘आय एट’ म्हणालं की झालं. पण नुसतं ‘आय डिव्हावर्ड’ म्हटलं की इंग्रज माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘गिव्ह’ला तीन हात: देणारा, घेणारा, दिलेली वस्तू. ‘पुट’लाही तीनच, पण त्याचा तिसरा हात माणूस धरत नाही, जागा धरतो. ‘आय पुट द बुक’ हे वाक्य लंगडं. ‘ऑन द टेबल’ आलं की ते उभं राहतं. 

आणि शून्य हातांचं क्रियापद? असतं. आपल्याकडेच आहे! ‘उजाडलं.’ कोण उजाडलं? कोणी नाही. ‘सांजावलं’, ‘मळमळतंय’, तशीच. मराठीत यांना कर्ताच लागत नाही, एका शब्दात वाक्य पुरं. इंग्रजीला हे सोसत नाही. तिथे वाक्यात कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून ‘इट’ नावाचं सर्वनाम आणून बसवतात. ‘इट इज रेनिंग.’ या ‘इट’मध्ये ढग नाही, आभाळ नाही, देव नाही. ते जागा भरायला आलेलं आहे. ‘इट इज हार्ड टू क्लाइंब धिस हिल’ मध्येही तसंच. चढण्याचं काम वाक्याच्या शेवटी गेलंय, आणि त्याची जागा ‘इट’ राखून बसलंय. एवढासा शब्द, पण तो काढला तर वाक्य कोसळतं.

हातांची संख्या वाढवताही येते बरं का. आपण ती एका अक्षराने वाढवतो. बाळ हसतं, इथे एकच हात. आई बाळाला हसवते, इथे दोन. मधे काय आलं? ‘व’. झोपतो, झोपवतो. बसतो, बसवतो. इंग्रजीकडे आज असा हुकमी प्रत्यय नाही. तिथे दुसरं क्रियापद बोलवावं लागतं: ‘मेक मी लाफ’. ‘मेक’ आलं, त्याने ‘मी’ला धरलं आणि ‘लाफ’लाही धरलं. अमेरिकेतल्या मेलिसा बाउअरमन या भाषाशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलींचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. त्यातली एक चिमुरडी गुदगुल्या होत असताना म्हणाली, ‘डोंट गिगल मी!’ मला खिदळवू नका! इंग्रजीत ‘गिगल’ला दुसरा हात नसतो, पण पोरीने तो स्वतःच जोडला. तिने हे कोणाकडून ऐकलेलं असणं कठीण, कारण मोठी माणसं तसं बोलतच नाहीत. म्हणजे पोरं ऐकलेलं नुसतं परत म्हणत नाहीत, आतल्या आत नियम शोधत असतात. मला तर या चुकीचं फार अप्रूप वाटतं.

आता ताईच्या त्या ‘टू’कडे येतो. ‘मेक हिम गो’ मध्ये ‘टू’ नाही, ‘लेट हिम गो’ मध्ये नाही, ‘कॅन गो’ मध्ये नाही. ‘वॉन्ट टू गो’ मध्ये आहे. हा भेद कुठून आला? हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत धातूला शेपूट असायचं, जसं आपलं ‘णे’. गाणे म्हणजे ‘सिंगन’. आणि गाण्यासाठी, गाण्याकडे, असं म्हणायचं असेल तर त्या शेपटाचं रूप बदलून आधी एक शब्दयोगी अव्यय यायचं: ‘टो सिंगन्ने’. हा ‘टो’ म्हणजे आजचा ‘टू’. गावाकडे, घराकडे म्हणताना जो ‘टू’ येतो, तोच. पुढच्या काही शतकांत बोलता बोलता शेपटं झिजली, ‘सिंगन’चं नुसतं ‘सिंग’ उरलं. मग हे क्रियेचं नाव आहे, हे ओळखायचं कसं? ते काम ‘टू’कडे आलं. पण ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’ यांच्याबरोबर जुन्या काळापासून नुसता धातूच यायचा. तिथे ‘टू’ शिरला नाही. ‘मेक’, ‘लेट’, ‘सी’, ‘हिअर’ यांच्याजवळही आज तो येत नाही. गंमत अशी की वाक्य उलटं केलं की तो हजर होतो: ‘दे मेड हिम गो’, पण ‘ही वॉज मेड टू गो’. ‘हेल्प’जवळ तर दोन्ही चालतात, ‘हेल्प मी कॅरी’ आणि ‘हेल्प मी टू कॅरी’. आपलं ‘करू लागला’ आणि ‘करायला लागला’ दोन्ही चालतं ना, तसंच.

या ‘टू’मध्ये ‘कडे’चा अर्थ अजून थोडा शिल्लक आहे. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन ही सगळी क्रियापदं पुढे बघतात, अजून न घडलेल्या गोष्टीकडे. त्यांना ‘टू’ लागतो. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, ॲडमिट यांना समोर असलेली किंवा होऊन गेलेली गोष्ट लागते; त्यांच्यामागे ‘इंग’ येतं. एकाच क्रियापदाला दोन्ही लावून बघा. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’: कुलूप लावायचं लक्षात राहिलं आणि लावलं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’: कुलूप लावल्याचं आठवतंय. आधी आठवण मग कुलूप, की आधी कुलूप मग आठवण, हे एवढ्याशा फरकावर ठरतं. ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ पुढे बघत असूनही ‘इंग’च घेतात, तेव्हा ही वाट शेवटपर्यंत नेत नाही, ते लक्षात ठेव.

म्हणून एक जण ही सगळी वळणं गोळा करायला बसला. ॲल्बर्ट सिडनी हॉर्नबी हा इंग्रज 1924 साली जपानला इंग्रजी शिकवायला गेला. तिथली मुलं शब्द भराभर पाठ करायची, पण वाक्यात ते बसवताना अडायची, अगदी आपल्यासारखीच. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी असा कोश रचला, की ज्यात शब्दाच्या अर्थाबरोबर त्याच्यापुढे काय येऊ शकतं तेही दिलेलं होतं. 1942 मध्ये तो टोकियोत निघाला, आणि 1948 पासून ऑक्सफर्डने छापला. पुढे 1954 च्या पुस्तकात त्याने क्रियापदांचे 25 साचे मांडले. माझ्या कपाटातला तो जाडजूड ऑक्सफर्ड कोश आहे ना, तो त्याच घराण्यातला. त्यात अर्थाच्या जोडीला शब्दाची जोडणी बघायची सवय लाव, ताई. ‘एक्सप्लेन मी धिस’ असं का म्हणायचं नाही, ते तिथे सापडेल: ‘एक्सप्लेन’ माणसाला थेट धरत नाही, ‘टू मी’ म्हणावं लागतं, आणि ‘टेल’ मात्र थेट धरतं.

ही नामाआधीची ‘टू’, ‘ऑन’, ‘फॉर’ सारखी अव्ययं आपल्याला फार छळतात, कारण आपण त्यांना मराठी क्रियापदाचे हात लावतो. आपण कुत्र्याला घाबरतो, आईवर रागावतो, मित्राशी भांडतो आणि आजोबांकडे बघतो. ला, वर, शी, कडे. कोणाला काय, हे ठरलेलं. लग्न कोणाशी करतो? म्हणून आपण ‘मॅरी विथ’ म्हणून बसतो, पण ‘मॅरी’ला ‘विथ’ नको असतं. चर्चा कशाविषयी करतो? म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो, आणि ‘डिस्कस’ तर विषयाला थेट पकडतं. उलट ‘वेट’ला ‘फॉर’, ‘डिपेंड’ला ‘ऑन’, ‘लिसन’ला ‘टू’, ‘लुक’ला ‘ॲट’. हा ‘लुक ॲट’ जरा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सर्वनामांची एक खोड सांगतो. ‘पिक अप द बुक’ म्हणता येतं, ‘पिक द बुक अप’ही म्हणता येतं. पुस्तकाच्या जागी ‘इट’ ठेवा. ‘पिक इट अप’ बरोबर, ‘पिक अप इट’ चूक. ‘इट’ हलकं आहे, आधीच माहीत असलेल्याकडे बोट दाखवणारं, म्हणून ते पुढे सरकतं आणि जड, नवं ते मागे जातं. ओटो बेहागेल या जर्मन पंडिताने 1909 साली दाखवून दिलं की लहान घटक आधी आणि मोठा नंतर, असा बऱ्याच भाषांचा कल असतो. हे वाचलं तेव्हा मला आपला पाणिनी आठवला. द्वंद्व समासात कमी स्वरांचा शब्द आधी ठेवावा, असं त्याने अष्टाध्यायीत सांगून ठेवलंय, सुमारे दोन हजार चारशे वर्षांपूर्वी. म्हणून शिव-केशव, केशव-शिव नव्हे.

आता खरी मौज. धाकट्या, सांग: ‘आईने मला बाजारात जायला सांगितलं.’ बाजारात कोण जाणार? तू. बरोबर. ‘आईने मला बाजारात जायचं कबूल केलं.’ आता कोण जाणार? बघा, घुटमळला! जाणार आई. ‘जायला’, ‘जायचं’ किंवा ‘टू गो’ मध्ये एक अदृश्य माणूस दडलेला असतो. तो कोण, हे बाहेरचं क्रियापद ठरवतं. कॅरल चॉम्स्की या अमेरिकन विदुषीने पाच ते दहा वर्षांची चाळीस मुलं घेतली आणि याच गोष्टीचा माग काढला; 1969 साली तिचं पुस्तक आलं. तिच्याकडे दोन बाहुले होते, बोझो आणि डोनाल्ड डक. एका बाहुल्याने दुसऱ्याला काही करायला सांगितलं, असं वाक्य आलं की पोरं बरोबर त्या दुसऱ्यालाच नाचवायची. पण एकाने दुसऱ्याला काही करायचं वचन दिलं, ‘प्रॉमिस’ केलं, असं वाक्य आलं की कित्येक पोरं तरीही दुसऱ्यालाच उड्या मारायला लावायची. जवळ जो आहे तोच करणारा, हा त्यांनी मनात धरलेला नियम, आणि तो इंग्रजीतल्या बहुतेक क्रियापदांना लागू पडतो. ‘प्रॉमिस’ हा अपवाद, तो उशिरा उमगतो.

तिची आणखी एक बाहुली होती, डोळ्यांवर पट्टी बांधलेली. ‘इज द डॉल ईझी टू सी ऑर हार्ड टू सी?’ ही बाहुली दिसायला सोपी की अवघड? बाहुली समोरच टेबलावर, म्हणजे दिसायला अगदी सोपी. पण लहानग्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं, अवघड. मग आता सोपी कर बघू, म्हटल्यावर त्यांनी काय केलं असेल? बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली! ‘टू सी’ मधला पाहणारा म्हणजे बाहुलीच, असं त्यांनी धरलं होतं. पोरं अडाणी नव्हती. अदृश्य माणसाला शोधत होती, फक्त चुकीच्या दारात जात होती.

याहून लहान पोरांना यातलं काय कळतं, हे लेटिशिया नेगल्स यांनी तपासलं. 1990 साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन वर्षांची बाळं, आईच्या मांडीवर. पडद्यावर बदकाचा वेष घेतलेला एक जण आणि सशाचा वेष घेतलेला दुसरा. बदक सशाला दाबून खाली बसवतंय, आणि त्याच वेळी दोघंही हात गोल फिरवतायत. दोन गोष्टी एकदम. सोबत जगात कुठेच नसलेलं एक क्रियापद ऐकवलं, ‘गॉर्प’. काही बाळांना ऐकवलं, ‘बदक सशाला गॉर्प करतंय’. काहींना, ‘बदक आणि ससा गॉर्प करतायत’. मग दोन पडदे लावले. एकावर नुसतं खाली बसवणं, दुसऱ्यावर नुसतं हात फिरवणं. आणि विचारलं, गॉर्पिंग कुठाय? पहिलं वाक्य ऐकलेली बाळं खाली बसवण्याकडे जास्त वेळ बघत राहिली, दुसरं ऐकलेली हात फिरवण्याकडे. धड बोलताही न येणारी बाळं, पण त्यांनी क्रियापदाचे हात मोजले होते. दोन हात आहेत म्हणजे एक जण दुसऱ्याला काहीतरी करतोय. शब्दाचा अर्थ त्यांनी त्याच्या सोबत्यांवरून काढला.

आता तो ‘लुक ॲट’. लीला ग्लाइटमन आणि बार्बरा लँडाउ या दोघींनी जन्मांध मुलीच्या भाषेचा अभ्यास केला, 1985 साली त्याचं पुस्तक निघालं. पुष्कळ जुन्या तत्त्ववेत्त्यांना वाटायचं की ज्याने कधी पाहिलंच नाही, त्याला पाहण्याचे शब्द कळणारच नाहीत. ही मुलगी तीनेक वर्षांची होती आणि ‘लुक’, ‘सी’ हे शब्द सर्रास वापरत होती. तिला म्हणाले, ‘लुक अप’, वर बघ. डोळे बांधलेल्या डोळस मुलांना तेच सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड वर केलं. या मुलीने मान हलवली नाही. दोन्ही हात वर नेले आणि वरची हवा चाचपली. मागे बघ म्हटल्यावर वळली नाही, हात मागे नेले. पुढे तिला सांगितलं की या टेबलाला हात लाव, पण बघू नकोस. तिने टेबलाला हलकेच टिचकी मारली आणि हात काढून घेतला. मग म्हणाले, आता बघ. तेव्हा तिने टेबलाच्या साऱ्या पृष्ठभागावरून सावकाश हात फिरवले. हात लावणं वेगळं आणि हातांनी जाणून घेणं वेगळं, हा भेद तिला पक्का माहीत होता, आणि दुसऱ्याला तिने ‘लुक’ म्हणूनच ओळखलं होतं.

हे तिला कुठून मिळालं? ग्लाइटमन यांचं म्हणणं असं, की डोळ्यांकडून नव्हे, वाक्यांकडून. आई ‘टच’ म्हणते तेव्हा पुढे थेट वस्तू येते. ‘लुक’ म्हणते तेव्हा मधे ‘ॲट’ येतं, कधी ‘अप’, कधी ‘बिहाइंड’, म्हणजे लक्ष कुठल्या तरी दिशेला जातंय. आणि ‘सी’ म्हणते तेव्हा पुढे अख्खं वाक्य येऊ शकतं, ‘लेट्स सी इफ देअर इज मिल्क’, दूध आहे का ते बघू या. म्हणजे ‘सी’चा संबंध काहीतरी कळण्याशी आहे. त्या तीन वर्षांच्या पोरीने रोजच्या बोलण्यातून या खुणा वेचल्या. आईने यातलं काहीच मुद्दाम शिकवलेलं नव्हतं. ती आपली दूध आहे का ते बघत होती.